पंतप्रधान सांगलीत, राष्ट्रपती जयपुरात

जयपूरला आजवर कितीतरी देशांचे राष्ट्रप्रमुख येऊन गेले. त्यांनी किल्ले पाहिले, पगड्या घालून घेतल्या, फोटो काढले आणि गेले. त्या यादीत माझं नाव सापडणार नाही, पण तो यादी करणाऱ्यांचा आळस. मी उतरलो तेव्हा विमानतळावर लाल गालिचा होता. तो कुणा मंत्र्यासाठी अंथरला होता असं माझा पुतण्या ओंकार सांगतो. सांगू दे. गालिच्यावर नाव लिहिलेलं नसतं, आणि मी त्यावरून चालत बाहेर आलो एवढं खरं आहे.

मी राष्ट्रपती कसा झालो, ते आधी सांगतो. सांगलीच्या एका महाविद्यालयात मी जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं. ‘संसदीय पद्धतीत राष्ट्रपतींचं स्थान’ हा धडा मी असा रंगवायचो की मागच्या बाकावर झोपलेली पोरं झोपेतच टाळ्या वाजवायची. त्यातही परराष्ट्र धोरणाचा भाग माझा लाडका. नवा राजदूत आला की परिचयपत्र कुणाच्या हाती देणार? राष्ट्रपतींच्या. परदेशी पाहुण्याला मेजवानी कुणाची? राष्ट्रपतींची. करार कुणाच्या नावाने? पुन्हा त्यांच्याच. आणि करारात काय लिहायचं हे कोण ठरवणार? पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. जर्मनीत हेच, इटलीतही थोड्याफार फरकानं हेच. परदेशात राष्ट्रपती जे भाषण वाचतात, तेसुद्धा सरकारच्या नजरेखालून गेलेलं असतं. मान पहिला, मत शेवटचं.

आता हेच चित्र आमच्या घरात बसवा. मी घरातला थोरला, आणि अविवाहित. त्यामुळं पूजेला चालत नाही, पण पत्रिकेवर चालतो. धाकटा भाऊ वसंत काही वर्षांपूर्वी गेला. त्याच्यामागं घर चालवते ती त्याची बायको सुलभा. घराला रंग कोणता, दूध कुणाकडून, माझा चहा किती साखरेचा, सगळे निर्णय तिचे. पत्रिकेवर ‘आपला नम्र’ म्हणून नाव माझं. ओंकारला जयपुरातच एक मुलगी आवडली, तेव्हा तिचा फोटो आणि माहितीचा कागद रीतसर आधी माझ्या हातात आला. मी चष्मा लावून गंभीरपणे पाहिला. सुलभानं तो आठवडाभर आधीच पाहून, मुलीशी फोनवर बोलून, तिला चटणीची कृतीसुद्धा सांगून ठेवली होती. परिचयपत्र मात्र मी स्वीकारलं.

ओंकार तिकडं एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलीच्या घरी रविवारी साखरपुडा ठरला आणि दौऱ्यावर मला पाठवायचं ठरलं. निघताना सुलभानं मला डबा भरून दिला आणि भाषणही.

“भाऊजी, तिकडं कमी बोलायचं. भडंग आणि बेदाणे त्यांच्या हातात द्यायचे. जे ठरलंय त्याला हो म्हणायचं. ओटीचं सामान पिशवीत आहे, ती त्यांच्याच घरातल्या एखाद्या सवाष्णीला भरायला सांगा. मी का आले नाही असं विचारलं तर गुडघा सांगा.”

“तुझा गुडघा तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.”

“म्हणूनच तुम्हाला सांगायला सांगतेय.”

कारण मला माहीत होतं. शेजारच्या सुभेदारबाई जयपूरच्या लष्करी वसाहतीत राहून आलेल्या. शुभकार्यात विधवा बाई पुढं आलेली तिकडं चालत नाही, असं त्यांनी सुलभाला सांगितलं होतं. सुलभा एकदाच बोलली, तेही पाठ फिरवून. “मी पुढं गेले आणि कुणी काही बोललं, तर तो खडा त्या पोरीला जन्मभर टोचेल. मी व्हिडिओवर बघेन.”

मी मान डोलावली. राष्ट्रपती मान चांगली डोलावतात.

मानसरोवर

मानसरोवर नाव ऐकून मी कमळं आणि राजहंस अपेक्षिले होते. तिथं मेट्रो आहे, शाळांच्या बस आहेत, आणि एवढ्या स्कूटर आहेत की सकाळी पादचाऱ्याला रस्ता ओलांडायचा तर पुढच्या जन्माची वाट पाहावी लागते. ओंकारनं मला मागं बसवून घरी नेलं. थंडी अशी की माझ्या मिशा वाटेतच इस्त्री केल्यासारख्या कडक झाल्या. चौकात त्यानं प्याज कचौरी खायला घातली. आपल्याकडं कचोरी म्हणजे तोंडात टाकायची वस्तू. तिथली कचौरी एवढी की ती हातात घेतल्यावर आपण तिला खातोय की ती आपल्याला, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही.

ओंकारचं मराठी थोडं बदललंय. “काका, मतलब, टेन्शन नाही घ्यायचं,” असं बोलतो. घरात आल्यावर मात्र गप्प झाला. चहा करताना पाठमोरा होता, अगदी आईसारखा.

“मोठे काका, आईच्या गुडघ्याला काही झालेलं नाही ना?”

“परराष्ट्र खात्याची माहिती गोपनीय असते.”

“मला माहितीये ती का येत नाही. मी म्हटलं, आई, तू ये, कोणी काही नाही बोलणार. तर म्हणे, तू लहान आहेस.” त्यानं गॅस बारीक केला. “बाबा नाहीत. आई पण नसेल, तर अंगठी घालताना मी बघू कोणाकडं? फोनकडं?”

मी त्याच्या हातातली गाळणी घेऊन चहा गाळायला लागलो.

“तुम्ही बोला ना तिच्याशी.”

“बाळा, राष्ट्रपती पंतप्रधानांना आज्ञा देत नसतात.”

“मग करतात काय?”

हा प्रश्न मला जन्मभरात विद्यार्थ्यांनी कधी विचारला नव्हता. ते झोपेत होते.

झालान्याजवळ

मुलीचं नाव चारू. तिचं घर झालान्याच्या सरकारी कार्यालयांपासून जवळच. वडील गिरिराजजी त्यातल्याच एका कार्यालयात अधिकारी. त्या कार्यालयांच्या पाठीशी टेकड्या आणि जंगल, आणि जंगलात बिबटे. एका बाजूला फायली, दुसऱ्या बाजूला बिबटे, आणि दोन्ही कधी हलतील सांगता येत नाही. संध्याकाळी गच्चीवरून मी स्वतः एक बिबट्या पाहिला. त्यानंही मला पाहिलं, आणि माझ्या मिशा पाहून तो नजर खाली घालून निघून गेला. ओंकार म्हणतो तो दगड होता. दगड नजर खाली घालत नाही.

आमचं स्वागत असं झालं की मी मागं वळून पाहिलं, कोण मोठा माणूस आलाय म्हणून. गळ्यात हार, डोक्यावर पाच रंगांचा साफा, आणि गिरिराजजी वाकून म्हणाले, “पधारिए ताऊजी.”

तिकडं वडिलांच्या थोरल्या भावाला ताऊजी म्हणतात, आणि ताऊजी म्हणजे शेवटचा शब्द. इथंच सगळा घोटाळा झाला. आमच्या घरात थोरला म्हणजे मानाचा. त्यांच्या घरात थोरला म्हणजे हुकमाचा. मी संसदीय राष्ट्रपती, आणि ते मला अमेरिकेचा समजून बसले.

“ताऊजी, मुहूर्त ग्यारह बजे का रखें या बारह?”

“ताऊजी, अंगूठी पहले या तिलक पहले?”

“ताऊजी, खाने में मीठा क्या रहे?”

मी दोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. “देखिए, मैं सिर्फ नाम का हूँ. सब निर्णय हमारी सुलभा लेती है.” ते सगळे हसले. गिरिराजजी पत्नीला म्हणाले, “बड़े आदमी की यही पहचान है. देखा, कितने विनम्र हैं.” मग मीही विनम्र झालो. बारा वाजता मुहूर्त, आधी तिलक, गोड म्हणून घेवर. अधिकार एकदा जिभेला लागला की सुटत नाही. त्यापुढं घेवर काहीच नाही.

जेवणाचं सांगायचं तर दाल, बाटी, चूरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी आणि या सगळ्यावर तूप. तूप वाढतात असं म्हणणं चूक, तूप सोडतात, धरणातून सोडल्यासारखं. शिवाय तिकडं मनुहार नावाची पद्धत आहे. आपल्याकडं आग्रह करणारी बाई वाढायला येते आणि आपण पानावर हात आडवा धरतो, विषय संपतो. तिथं यजमान स्वतः घास उचलून थेट तोंडापाशी आणतात. तोंड बंद ठेवलं तर अपमान, उघडलं तर पोट फुटणार. मी दोन्ही देशांचे संबंध टिकवले.

तोंडात घास असतानाच चारूच्या आई, सरोजजी, यांनी विचारलं, “बहनजी क्यों नहीं आ रहीं?”

मी घास गिळला आणि म्हणालो, “घुटना.”

इथं थांबायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडं एवढ्या काळजीनं पाहू लागले की नुसता गुडघा मला फार किरकोळ वाटला. गुडघ्याला काही इतिहास नको? मग मी सांगितलं, की कृष्णेला पूर आला, गल्लीत पाणी शिरलं, शेजारची म्हैस वाहून चालली होती, आणि आमच्या सुलभानं पाण्यात उडी टाकून ती म्हैस पाठीवर घेतली. पाठीवर म्हैस, काखेत रेडकू, आणि अशी ती तीन जिने चढली. तेव्हापासून गुडघा. म्हैस अजून सुलभाला पाहिलं की उभी राहते.

जेवण थांबलं. सरोजजींनी डोळ्यांना पदर लावला. ओंकार ताटात तोंड घालून खोकत होता. गिरिराजजी हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

“ताऊजी, ऐसी देवी को हम वीडियो पर दिखाएँ सगाई? वो नहीं आ सकतीं तो हम चलेंगे. पूरा परिवार. सगाई सांगली में होगी. बस आप हाँ कर दीजिए.”

परराष्ट्र धोरणात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. घरगुती मराठीत याला आगीतून फुफाट्यात म्हणतात. मी “विचार करके बताता हूँ” म्हणालो. ते तर खुद्द सरकारही म्हणतं.

एवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चारूनं एक ताट वाढून घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. दाराला पडदा होता. पडद्याखाली पांढऱ्या ओढणीची कड आणि दोन सुरकुतलेली पावलं दिसत होती. कोणीतरी पडद्याआड बसून आमचं सगळं बोलणं ऐकत होतं.

“दादीसा हैं,” चारू परत आल्यावर म्हणाली. आई-वडील दोघेही नोकरीला, त्यामुळं चारूला आजीनंच वाढवलेलं. “वो बाहर नहीं आएँगी. शुभ बात चल रही है ना.” एवढं सांगून ती ताटातले गट्टे चमच्यानं मोजत बसली, खाल्ले नाहीत.

मी नमस्काराला म्हणून आत गेलो. ताऊजींना अडवणार कोण. दादीसा पलंगावर बसल्या होत्या. लहानसं शरीर, मोठे कान, आणि डोळे असे की माझी म्हैस त्यांच्यापुढं एका पायावर उभी राहिली असती.

“छोरे की माँ नहीं आई?” त्यांनी विचारलं.

“घुटना, दादीसा.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग गुडघ्यावरची शाल सारखी केली आणि म्हणाल्या, “हाँ बेटा. मेरा भी ऐसे ही दिनों में दुखता है. सावे के दिन तो उठा ही नहीं जाता.” सावा म्हणजे लग्नाचा मुहूर्त. “इसके बाप की शादी में दुखा. अब इसकी सगाई में दुखेगा.”

बाहेर सगळे घेवरच्या गोष्टी करत होते. मी दादीसांच्या पाया पडलो आणि उठताना माझ्याच गुडघ्यातून आवाज आला.

सिविल लाइंस

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिक्षानं सिविल लाइंसला गेलो. रुंद रस्ते, जुनी झाडं, सरकारी बंगले, बंगल्यांपुढं मोर. मोर तिकडं आपल्याकडच्या कावळ्यासारखे, कुणी वळून पाहत नाही. राज्यपालांच्या निवासस्थानापुढं मी रिक्षा थांबवली. व्यवसायबंधू आहेत, म्हटलं, नमस्कार करून जावं. मी फाटकाकडं पाहून हात जोडले. पहारेकरी म्हणाला, “अंकल, आगे बढ़ो.” मी त्याला म्हणालो, “भैया, मैं भी इन्हीं जैसा हूँ, सही करनेवाला.” तो आणखी एक पाऊल पुढं आला तेव्हा आम्ही निघालो.

पुढं एका कडुनिंबाखाली रिक्षा उभी केली आणि सुलभाला फोन लावला. आधी म्हशीचं सांगितलं.  

“भाऊजी, मी तुम्हाला एक शब्द दिला होता. गुडघा. त्याला म्हैस कुठून लागली?”

“ते आता सगळे सांगलीला यायचं म्हणतायत.”

“येऊ देत की. आले तरी मी स्वयंपाकघरात असेन. मांडवात कोणीतरी सवाष्ण बघू. त्यापेक्षा तुम्ही त्यांना सांगा, तिकडंच होऊ दे, म्हणावं. ठरलंय तेच. कळलं?”

रोजच्या सवयीनं माझी मान डोलायला लागली होती. मी ती थांबवली. घटनेतलं चौऱ्याहत्तरावं कलम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालायचं. पण त्यात एक लहानशी जागा ठेवलेली आहे: सल्ला पटला नाही तर एकदा, फक्त एकदा, तो फेरविचारासाठी परत पाठवता येतो. परत तोच आला तर मुकाट्यानं मान्य करायचा. मी ही ओळ शिकवली होती हजारदा, वापरली कधी नव्हती. साखरसुद्धा परत पाठवली नव्हती.

“सुलभा, मी हे परत पाठवतोय.”

“काय परत पाठवताय?”

“तुझा निर्णय. फेरविचारासाठी. एकदाच पाठवता येतो. उद्या तू हेच सांगितलंस, तर मी हेच बोलेन, एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही. म्हैसही परत घेईन.”

“उन्हात बसलायत का?”

“कडुनिंबाखाली आहे. ऐक. सुभेदारबाई खोटं बोलल्या नाहीत. पुढच्या खोलीत तुला कुणी काही बोलणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आत एक खोली आहे. तिथं चारूची आजी बसते. पोरीला तिनं वाढवलंय, आणि रविवारी ती पडद्याआडून बघणार आहे. तिचाही गुडघा दुखतोय. तिच्याशेजारी पलंगावर जागा आहे. एवढंच मी पाहून आलोय.”

फोनवर आमच्या घराच्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. तिनं नळ बंद केला.

“ओंकार काय म्हणतोय?” तिनं विचारलं.

“अंगठी घालताना बघू कुणाकडं, म्हणतोय.”

तिनं फोन ठेवला. 

मी कडुनिंबाखाली बसून राहिलो. आयुष्यात मी बोलून कितीतरी गोष्टी वाढवल्या आहेत. बोलून एखादी गोष्ट तुटेल अशी भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. रिक्षावाल्यानं गजक पुढं केली. तीळ-गुळाची पातळ कुरकुरीत वडी असते ती. आपण संक्रांतीला देताना गोड बोलायला सांगतो. तो काहीच बोलला नाही, नुसती पुढं केली, आणि मला ते बरं वाटलं.

संध्याकाळी फोन नाही. सकाळी नाही. गिरिराजजींचे मात्र आले. “ताऊजी, टिकट करवा दूँ?” मी म्हणालो, “मंत्रिमंडल की बैठक चल रही है.” ते हसले. मी हसलो नाही.

दुपारी ओंकार ऑफिसातून धावतच घरी आला. मोबाइल माझ्यापुढं धरला. आईचा संदेश होता: ‘उद्या येतेय. काकांना सांग, म्हशीला तिकीट काढलेलं नाही.’

विमानतळ

मी गिरिराजजींना कळवलं, आणि इथंही चुकलो. ते विमानतळावर चाकाची खुर्ची घेऊन आले. सोबत वैद्यांकडून आणलेली तेलाची बाटली, लोकरीचे गुडघ्याचे पट्टे आणि सरोजजी.

सुलभा बाहेर आली ती तरातरा. एका हातात बॅग, दुसऱ्यात पिशवी, नेसलेली साधी निळी साडी. खुर्चीपाशी येऊन थांबली. खुर्चीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी साफा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं बॅग खुर्चीत ठेवली.

“सामान को अच्छी है,” ती म्हणाली. मग गिरिराजजींना नमस्कार करून सरळ बोलली. तिचं हिंदी माझ्याहून वाईट आहे, पण ती त्यात खोटं बोलत नाही. “भाईसाब, मेरा घुटना एकदम ठीक है. म्हैस-बिस कुछ नहीं. मैं विधवा है ना, तो मेरे को लगा आपके यहाँ शुभकार्य में चलेगा नहीं. इसके लिए नहीं आ रही थी.”

मला वाटलं आता गिरिराजजी म्हणतील, ‘कैसी बात करती हैं, हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं.’ सगळे असंच म्हणतात. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी खुर्चीचं हॅण्डल दोन्ही हातांनी धरलं आणि खाली पाहत म्हणाले, “हमारी माँ भी...”  सरोजजी पुढं झाल्या, सुलभाच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, “घर चलिए.” गाडीत माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. म्हशीबद्दलची माफी मी वाटेत दोन पानांची तयार केली होती; ती कुणी मागितलीच नाही.

रविवार

पुढच्या खोलीत सगळं सजलं होतं. चौरंग, त्यावर लाल कापड, झेंडूचे हार, गणपती, पंडितजी. चारूची आत्या, बुआजी, जोधपूरहून आलेल्या. मोठ्या बाई, मोठा आवाज, मोठी नथ. तिलकाचं ताट त्यांच्याच हाती होतं.

सुलभा आली, सगळ्यांना नमस्कार केला, आणि पुढच्या खोलीत न थांबता पडदा बाजूला सारून आत गेली. मी मागोमाग गेलो. दादीसा पलंगाच्या एका टोकाला सरकल्या. सुलभा शेजारी बसली. दोघींची भाषा एक नाही. दादीसांनी तिचा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवला आणि दोघी पडद्याकडं पाहत राहिल्या, जसं गाडीची वाट पाहतात.

बाहेरून पंडितजी बोलावू लागले. चारू आणि ओंकार चौरंगापाशी बसले होते. पडद्याच्या फटीतून ओंकारची मान दिसत होती. ती सारखी वळत होती.

सुलभानं मला खूण केली. मी वाकलो.

“भाऊजी, चौरंग आत आणायला सांगा.”

“आत? इथं?”

“इथं. माझं नाव घेऊ नका. तुम्ही ठरवलंय म्हणून सांगा. तुमचं ऐकतात ते.”

मी बाहेर आलो. जन्मभर ज्याची तयारी केली ते भाषण हेच होतं. निर्णय तिचा, नाव माझं, आणि समोर परका मुलूख. साफा नीट केला.

“पंडितजी, थांबिए. हमारे घराने की एक रीत है, सात पीढ़ी से चली आ रही है. हमारे यहाँ सगाई घर की सबसे बड़ी औरत के सामने होती है. वो जहाँ बैठी है, वहाँ. एक बार हमारे परदादा की सगाई में परदादी की माँ झाड़ पर बैठी थी, तो सगाई झाड़ पर हुई थी.”

बुआजींनी ताट खाली ठेवलं. “ताऊजी, अंदर तो माँसा हैं. और लड़के की माँ. ऐसे में...”

“इसी लिए अंदर,” मी म्हणालो.

 बुआजी भावाकडं पाहत होत्या. माझी सात पिढ्यांची रीत गिरिराजजींनी खरी मानली असेल असं मला वाटत नाही. म्हशीनंतर तर नाहीच. ते उठले, गणपती काढून सरोजजींच्या हातात दिला, आणि चौरंग स्वतः उचलला.

“ताऊजी ने कह दिया,” ते बहिणीला म्हणाले. “अब क्या बोलूँ मैं?”

आतली खोली ती केवढी. पलंग, चौरंग, पंडितजी, मुलगा-मुलगी, मुलीचे आई-वडील एवढ्यांतच भरली. बुआजी ताट पुन्हा उचलून दारापर्यंत आल्या, थबकल्या आणि मग वाकून ते दादीसांच्या पुढं सरकवलं.  दादीसांनी अंगठा कुंकवात बुडवला. ओंकारच्या कपाळावर तिलक जरा तिरका लागला, भुवईवर. कुणी पुसला नाही. सुलभानं चारूची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. तांदूळ निम्मे पलंगावर सांडले, कारण तिला दिसत नव्हतं. चारूनं पदर आणखी पसरला. ओंकारनं अंगठी घालताना वर पाहिलं, आणि समोर आई होती.

हे सगळं मी ऐकून सांगतोय, कारण मला जागाच उरली नव्हती. मी दाराबाहेर बुआजींच्या मागं उभा होतो, आणि मला फक्त पाठी दिसत होत्या.

मग पंडितजींनी विचारलं, “वरपक्ष की ओर से संकल्प कौन लेगा? ताऊजी?”

संकल्पाला पाणी लागतं. आतून पाण्याची लोटी निघाली आणि हातोहात दारापर्यंत माझ्याकडं आली. मी तळहात पुढं केला, घसा साफ केला. करार राष्ट्रपतींच्या नावानं होतो. त्यात फेरविचाराचं काही नव्हतं.

“मी घेते,” आतून सुलभा म्हणाली. मग पंडितजींसाठी पुन्हा, सावकाश, “मैं लेती हूँ. मेरे नाम से. लिखो, सुलभा.”

लोटी माझ्या हातात होती. मी ती पुढं दिली.